यंत्राची प्रतिमा आणि माणसाचे श्रम : 'टर्मिनेटर २ – जजमेंट डे'च्या निर्मितिप्रक्रियेचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

चित्रपट ही सामूहिक कला आहे, हे विधान चित्रपटविषयक लेखनात वारंवार आढळते. प्रत्यक्ष समीक्षेत मात्र हे सामूहिकत्व क्वचितच उतरते. कथा, दिग्दर्शन, अभिनय आणि फार तर छायालेखन व संगीत यांची चर्चा झाली की समीक्षा पूर्ण झाली, असे मानले जाते. मोठ्या खर्चाच्या विज्ञानपटांच्या बाबतीत तर आणखी एक सोय उपलब्ध असते. पडद्यावर जे अद्भुत दिसले ती 'संगणकाची करामत' होती, असे एक वाक्य लिहून समीक्षक मोकळा होतो. हे वाक्य कितपत खरे आहे आणि त्यामुळे नेमके काय झाकले जाते, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या तपासणीसाठी जेम्स कॅमेरॉन दिग्दर्शित 'टर्मिनेटर २ – जजमेंट डे' (१९९१) हा चित्रपट निवडला आहे. १९८४ साली प्रदर्शित झालेल्या 'द टर्मिनेटर' या चित्रपटाचा हा सिक्वेल होय. संगणकनिर्मित प्रतिमांच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा म्हणून त्याचा उल्लेख केला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु याच ख्यातीमुळे त्याच्या निर्मितीतील फार मोठा भाग विस्मरणात गेला आहे. विशेष म्हणजे माणसाची जागा घेणारे यंत्र हाच या चित्रपटाचा विषय आहे. त्यामुळे त्याच्या निर्मितीत माणसाने काय केले आणि यंत्राने काय केले, हा प्रश्न केवळ तांत्रिक कुतूहलाचा राहत नाही. तो आशयाचा प्रश्न ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) 'टर्मिनेटर २'च्या निर्मितीत संगणकीय तंत्र आणि हस्तकौशल्य यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२) चित्रपटाचा आशय आणि त्याची निर्मितिप्रक्रिया यांतील साम्य व विसंगती यांचा शोध घेणे.
३) पडद्यामागील निर्मितीची माहिती समीक्षेचे साधन म्हणून कशी वापरता येईल, याचा विचार करणे.

कथासूत्र आणि सिक्वेलची निर्मिती :

पहिल्या चित्रपटात भविष्यकाळातील यंत्रसत्ता सारा कॉनर या तरुणीला ठार मारण्यासाठी मानवी कातडे पांघरलेला एक यंत्रमानव भूतकाळात पाठवते. साराच्या पोटी जन्माला येणारा जॉन हा पुढे यंत्रांविरुद्धच्या लढ्याचा नेता होणार असतो. दुसऱ्या चित्रपटात जॉन दहा वर्षांचा झाला आहे. सारा मनोरुग्णालयात बंदिस्त आहे. पहिल्या चित्रपटात खलनायक असलेला यंत्रमानव (अर्नोल्ड श्वार्झनेगर) या वेळी जॉनचा रक्षक म्हणून येतो, तर त्याच्याविरुद्ध उभे ठाकते ते टी-१००० (रॉबर्ट पॅट्रिक) हे अधिक प्रगत यंत्र. ते द्रवरूप धातूचे बनलेले असून ज्या माणसाला स्पर्श करील त्याचे रूप धारण करू शकते.

पहिला चित्रपट सुमारे ६४ लाख डॉलर खर्चून तयार झाला होता. दुसऱ्याचा खर्च १० कोटी डॉलरच्या आसपास गेला. त्या काळापर्यंतचा हा सर्वांत महागडा चित्रपट म्हणून गाजला. मारिओ कासार यांच्या कॅरोल्को या निर्मितिसंस्थेने हे धाडस केले. ऑक्टोबर १९९० मध्ये सुरू झालेले मुख्य चित्रीकरण मार्च १९९१ च्या अखेरीपर्यंत चालले आणि ३ जुलै १९९१ रोजी चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. जगभरात त्याने ५० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले. मात्र असे यश मिळवूनही कॅरोल्को १९९५ मध्ये दिवाळखोरीत निघाली. भव्य खर्चाच्या चित्रपटांचे अर्थकारण किती अस्थिर असते, याचे हे उदाहरण आहे.

सिक्वेलपुढे नेहमीच एक दुहेरी मागणी असते. प्रेक्षकाला ओळखीचे तेच हवे असते आणि तरीही ते नवे हवे असते. कॅमेरॉन यांनी याआधी 'एलियन्स' (१९८६) हा दुसऱ्या दिग्दर्शकाच्या चित्रपटाचा सिक्वेल यशस्वीपणे केला होता. त्यामुळे ही मागणी त्यांना अपरिचित नव्हती. 'टर्मिनेटर २'मध्ये ओळखीचे राखण्याचे काम जुन्या सहकाऱ्यांनी केले. छायालेखक ॲडम ग्रीनबर्ग, संगीतकार ब्रॅड फिडेल, यंत्रमानवाच्या बाहुल्या घडविणारे स्टॅन विन्स्टन आणि लघुप्रतिकृतींचे काम करणारी जीन वॉरन यांची 'फँटसी टू' ही संस्था, हे सारे पहिल्या चित्रपटातही होते. नवेपणाचा भार मात्र टी-१००० या पात्रावर टाकण्यात आला. द्रवरूप धातूच्या मारेकऱ्याची कल्पना कॅमेरॉन यांना पहिल्या चित्रपटाच्या वेळीच सुचली होती. परंतु त्या वेळच्या तंत्राने ती साकारणे शक्य नसल्याने बाजूला ठेवावी लागली होती.

द्रवरूप धातू : संगणकाचा वाटा

ही कल्पना शक्य कोटीत आणली ती 'द ॲबिस' (१९८९) या कॅमेरॉन यांच्याच चित्रपटाने. त्यात समुद्राच्या पाण्याचा एक सजीव स्तंभ माणसांच्या चेहऱ्यांचे अनुकरण करतो. हे दृश्य 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' या संस्थेने डेनिस म्यूरेन यांच्या मार्गदर्शनाखाली संगणकावर तयार केले होते. पाण्याचा चेहरा जमला, तर धातूचा पूर्ण माणूसही जमेल, या विश्वासावर 'टर्मिनेटर २'ची पटकथा कॅमेरॉन आणि विल्यम विशर यांनी लिहिली.

हे काम किती श्रमाचे होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. रॉबर्ट पॅट्रिक यांच्या अंगावर चौकटींची जाळी रंगवून त्यांचे चालणे आणि धावणे चित्रित करण्यात आले. त्या जाळीच्या आधारे शरीराचा प्रत्येक भाग चालताना कसा हलतो, याचा अभ्यास करून संगणकातील आकृतीला गती देण्यात आली. हात, पाय आणि धड यांच्या जोडांवर पडणाऱ्या भेगा बुजविण्यासाठी तसेच अभिनेत्याची छायाचित्रित प्रतिमा बदलत्या पृष्ठभागावर चिकटवून ठेवण्यासाठी संस्थेतील तंत्रज्ञांनी स्वतंत्र संगणकप्रणाली लिहिल्या. धातूच्या चकचकीत अंगात भोवतालचा परिसर प्रतिबिंबित व्हावा म्हणून चित्रीकरणस्थळांची छायाचित्रे घेऊन ती वापरण्यात आली. म्हणजे येथे संगणक स्वतःहून काहीच 'निर्माण' करीत नव्हता. अभिनेत्याची चाल, स्थळाचा प्रकाश आणि तंत्रज्ञाची नजर या गोष्टी त्याला पुरवाव्या लागत होत्या.

एवढे करूनही दोन तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटात टी-१००० ची संगणकनिर्मित दृश्ये मिळून सुमारे पाच मिनिटांचीच आहेत. प्रेक्षकाच्या स्मरणात मात्र टी-१००० संपूर्ण चित्रपटभर वितळत आणि आकार बदलत असते. पाच मिनिटे आणि संपूर्ण चित्रपट यांमधील हे अंतर कोणी भरून काढले, हा खरा प्रश्न आहे.

दिसणारे यंत्र आणि न दिसणारे हात :

या प्रश्नाचे उत्तर तीन प्रसंगांच्या आधारे शोधता येते.

पहिला प्रसंग मनोरुग्णालयातील पहारेकऱ्याचा आहे. काळ्यापांढऱ्या फरशीवरून पहारेकरी चालत जातो. त्याच्या मागे ती फरशीच वर उचलली जाते आणि तिच्यातून माणसाचा आकार उभा राहतो. हा भाग संगणकाचा आहे. कॉफीच्या यंत्रापाशी उभा असलेला पहारेकरी मागे वळतो, तेव्हा त्याच्यासमोर हुबेहूब त्याच्यासारखाच माणूस उभा असतो. हा भाग संगणकाचा नाही. डॉन आणि डॅन स्टँटन या जुळ्या भावांना त्यासाठी निवडण्यात आले होते. फरशी उचलली जाताना पाहून चकित झालेला प्रेक्षक पुढचे दृश्यही त्याच चमत्काराचा भाग समजतो. वस्तुतः चमत्कार आधीच संपलेला असतो आणि दोन सख्खे भाऊ एकमेकांसमोर उभे असतात.

दुसरा प्रसंग शेवटी पोलादाच्या कारखान्यात घडतो. टी-१००० साराचे रूप घेऊन जॉनला हाक मारते आणि खरी सारा तिच्यामागे उभी राहते. दोन सारा एकत्र दाखविण्यासाठी लिंडा हॅमिल्टन यांच्या जुळ्या भगिनी लेस्ली यांना उभे करण्यात आले. या भगिनींचा उपयोग आणखी एका प्रसंगात झाला आहे. सारा रक्षक यंत्रमानवाच्या डोक्यातील चकती काढते, तो हा प्रसंग. आरशासमोर बसलेला यंत्रमानव आणि त्याच्या मागे सारा, अशी रचना दिसते. प्रत्यक्षात तेथे आरसाच नव्हता. भिंतीतील मोकळ्या चौकटीच्या पलीकडे तीच खोली उलट रचनेत उभारण्यात आली होती. अलीकडे श्वार्झनेगर यांची बाहुली, पलीकडे स्वतः श्वार्झनेगर. आणि दोन्ही बाजूंना दोन बहिणी परस्परांच्या हालचालींशी मेळ साधत होत्या. मूळ प्रदर्शनाच्या वेळी हा प्रसंग लांबीच्या कारणास्तव गाळण्यात आला आणि १९९३ च्या विस्तारित आवृत्तीत तो पुन्हा दिसला. यात संगणकाचा काहीही संबंध नाही; सुतार, बाहुलीकार आणि दोन बहिणींची एकाग्रता एवढीच त्याची सामग्री आहे.

तिसरा प्रकार गोळीबाराच्या दृश्यांचा. टी-१००० च्या छातीवर गोळ्या लागतात आणि तेथे चकचकीत धातूची फुले उमलावीत तशा जखमा उघडतात. या जखमा स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेत रबरापासून तयार करून त्यांवर धातूचा मुलामा देण्यात आला होता. अभिनेत्याच्या पोशाखाखाली त्या मिटलेल्या अवस्थेत लपवून ठेवल्या जात आणि ठरल्या क्षणी दुरून नियंत्रण करून उघडल्या जात. जखम उघडताना हाताची किमया आणि ती बुजताना बहुधा संगणकाची, अशी ही वाटणी होती. संकलनात ही दोन्ही कामे इतकी सलग जोडली गेली आहेत की सांधा दिसत नाही.

आणि या सर्वांच्या मुळाशी रॉबर्ट पॅट्रिक यांचा अभिनय आहे. दम न लागता धावणे, गोळी झाडताना पापणी न लवणे आणि मान वळविण्याआधी नजर स्थिर करणे या गोष्टी त्यांनी सरावाने साधल्या. श्वार्झनेगर यांच्या अवाढव्य देहासमोर हा सडपातळ माणूस अधिक भयावह वाटतो, तो या शारीरिक शिस्तीमुळे. टी-१००० यंत्र आहे, याची खात्री प्रेक्षकाला संगणकाने पटविण्यापूर्वी अभिनेत्याने पटविलेली असते.

संगणकाचे दुसरे काम : पुसून टाकणे

संगणकाने आकार दिले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याने या चित्रपटात आणखी एक काम केले, ज्याची चर्चा कमी होते. कालव्यातील पाठलागाच्या प्रसंगात श्वार्झनेगर यांचे पात्र अवजड मोटारसायकलसह वरून खाली उडी घेते. ही उडी एका साहसवीराने मारली होती. मोटारसायकलीचा भार पेलण्यासाठी ती जाड तारांनी वरून बांधलेली होती. या तारा नंतर चित्रफितीवरून संगणकाच्या साहाय्याने पुसण्यात आल्या.

या तपशिलाचे महत्त्व त्याच्या आकारापेक्षा मोठे आहे. पूर्वी तार दिसू नये म्हणून प्रकाशयोजना, रंग आणि कॅमेऱ्याचा कोन यांची काळजी घ्यावी लागे. आता तार खुशाल दिसू द्यावी आणि मागाहून ती पुसावी, हा नवा मार्ग खुला झाला. साहसवीराची सुरक्षितता त्यामुळे वाढली, हा निःसंशय लाभ होय. परंतु त्याचबरोबर श्रमाची खूण पुसण्याचे एक निर्दोष साधनही चित्रपटसृष्टीच्या हाती आले. तार पुसली गेली की तारेला लटकलेला माणूसही प्रेक्षकाच्या मनातून पुसला जातो.

याच्या उलट, कोणतीही खूण न पुसता केलेली धाडसे या चित्रपटात आहेत. महामार्गावरील पाठलागात हेलिकॉप्टर पुलाखालून जाते. वैमानिक चक टँबुरो यांनी ते खरोखरच पुलाखालून नेले. हे चित्रीकरण धोक्याचे असल्याने कॅमेरा पथकाने नकार दिला तेव्हा कॅमेरॉन यांनी स्वतः कॅमेरा हाताळला. आजचा प्रेक्षक हे दृश्य पाहतो तेव्हा तेही संगणकावर केलेले असणार, असे गृहीत धरतो. म्हणजे संगणकाच्या ख्यातीने ज्या दृश्याला त्याचा स्पर्शही झाला नाही त्याचे श्रेयही ओढून घेतले आहे.

साराच्या स्वप्नातील अणुस्फोटाबाबतही असेच घडले. लॉस एंजेलिस शहर उद्ध्वस्त होण्याचे ते दृश्य रॉबर्ट आणि डेनिस स्कोटॅक या बंधूंच्या संस्थेने लघुप्रतिकृतींच्या साहाय्याने साकारले. इमारतींच्या छोट्या प्रतिकृती हवेच्या दाबाने उडवून देण्यात आल्या. जळून खाक होणारी सारा ही विन्स्टन यांच्या कार्यशाळेतील बाहुली होती. अण्वस्त्रांचे भय इतक्या थेटपणे व्यक्त करणारी दृश्ये लोकप्रिय चित्रपटात फार थोडी आहेत. आणि ते भय टेबलावर मांडता येतील अशा वस्तूंमधून उभे राहिले आहे.

ध्वनीचे अदृश्य कार्य :

टी-१००० तुरुंगासारख्या गजांच्या दारातून आरपार जाते, हे या चित्रपटातील सर्वांत प्रसिद्ध दृश्यांपैकी एक. चेहरा गजांभोवती दुभंगतो आणि पुन्हा एक होतो. ते संगणकाने घडविले. परंतु धातू असूनही मऊ असलेला हा पदार्थ नेमका कसा आहे, हे प्रेक्षकाला कानांनी कळते. ध्वनिसंयोजक गॅरी रायडस्ट्रॉम यांनी त्यासाठी कुत्र्याचे डबाबंद अन्न डब्यातून हळूहळू घसरत बाहेर पडतानाचा आवाज वापरला. जगातील अद्ययावत संगणकांनी तयार केलेल्या प्रतिमेला वजन आणि ओलावा मिळाला तो स्वयंपाकघरातील एका डब्यातून. प्रतिमा डोळ्यांना पटते, पण ती देहधारी होते ती ध्वनीमुळे, हे येथे स्पष्टपणे दिसून येते.

या संदर्भात ऑस्कर पुरस्कारांची नोंद बोलकी आहे. 'टर्मिनेटर २'ला चार पुरस्कार मिळाले. दृश्य परिणामांचा पुरस्कार डेनिस म्यूरेन, स्टॅन विन्स्टन, जीन वॉरन (ज्युनिअर) आणि रॉबर्ट स्कोटॅक या चौघांना विभागून देण्यात आला. या चौघांपैकी संगणकीय प्रतिमांचे नेतृत्व म्यूरेन यांच्याकडे होते. उर्वरित तिघे बाहुल्या आणि लघुप्रतिकृती यांचे कारागीर होते. रंगभूषेचा पुरस्कार विन्स्टन आणि जेफ डॉन यांना, ध्वनिपरिणामांच्या संकलनाचा रायडस्ट्रॉम आणि ग्लोरिया बॉर्डर्स यांना मिळाला, तर ध्वनीचा पुरस्कार रायडस्ट्रॉम यांच्यासह चार जणांच्या पथकाला मिळाला. त्या वेळच्या व्यावसायिकांना हे श्रमविभाजन अचूक ठाऊक होते. 'संगणकाचा चित्रपट' ही प्रतिमा नंतरच्या काळात, विशेषतः 'ज्युरासिक पार्क' (१९९३) नंतर मागे वळून पाहताना दृढ झाली, असे म्हणता येईल.

स्थळाची साक्ष :

चित्रपटाचा शेवट पोलादाच्या कारखान्यात होतो. वितळलेल्या पोलादात टी-१००० नष्ट होते आणि पाठोपाठ रक्षक यंत्रमानवही त्याच पोलादात विसर्जित होतो. हे चित्रीकरण कॅलिफोर्नियातील फोंटाना येथील कैसर स्टील कंपनीच्या कारखान्यात झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला हा कारखाना १९८३ च्या अखेरीस बंद पडला होता. हजारो कामगारांचे जीवन त्याच्याशी जोडलेले होते. चित्रपटासाठी त्या थंड पडलेल्या वास्तूत नारिंगी प्रकाश, वाफ आणि ठिणग्या यांच्या साहाय्याने भट्ट्या धगधगत असल्याचा आभास निर्माण करण्यात आला.

चित्रपटात या कारखान्यातील कामगार काही क्षणच दिसतात. अपघात होताच ते पळून जातात आणि नंतर त्यांचा उल्लेख येत नाही. यंत्रे भविष्यात माणसांना हद्दपार करतील, अशी भीती व्यक्त करणाऱ्या चित्रपटाला आपण उभे आहोत त्या जागेवरून माणसे आधीच हद्दपार झाली आहेत, याची दखल घ्यावीशी वाटली नाही. अर्थकारणाने हद्दपार केलेला कामगार त्याच्या कल्पनेच्या कक्षेत येत नाही. बंदूक घेतलेले यंत्रच तेवढे येते. ही या चित्रपटाच्या सामाजिक दृष्टीची मर्यादा म्हणावी लागेल.

निर्मितीकथा या प्रकाराची मर्यादा :

वरील माहिती समीक्षकाला मिळते ती चित्रपटांच्या निर्मितीकथांतून, म्हणजे माहितीपट, पुस्तके, तंत्रविषयक नियतकालिके आणि मुलाखती यांतून. हा प्रकार चित्रपटकलेइतकाच जुना म्हणता येईल. भारतात दादासाहेब फाळके यांनी १९१७ च्या सुमारास 'चित्रपट कसे तयार करतात' या लघुपटात स्वतःला काम करताना दाखविले होते. चमत्कार दाखविणाऱ्यानेच चमत्कारामागचे काम उघड करावे, ही परंपरा आपल्याकडेही आरंभापासून आहे.

परंतु निर्मितीकथा ही निर्लेप साक्ष नसते. ती बहुधा निर्माताच तयार करवितो आणि तिचा उपयोग प्रसिद्धीसाठी होतो. तिच्यात दोन प्रवृत्ती प्रकर्षाने आढळतात. पहिली म्हणजे सर्व निर्णयांचे श्रेय दिग्दर्शकाच्या जिद्दीला देणे. कॅमेरॉन यांनी हेलिकॉप्टरमधून स्वतः चित्रीकरण केल्याची हकीकत वारंवार सांगितली जाते. हेलिकॉप्टर चालविणाऱ्याचे नाव त्यामानाने कमी वेळा येते. दुसरी म्हणजे खर्च आणि संकटे यांचे भव्य वर्णन करणे. पैसा किती लागला, हे सांगितले जाते. तो कोणाच्या किती तासांच्या श्रमासाठी लागला, हे सांगितले जात नाही. म्हणून समीक्षकाने निर्मितीकथा वाचताना दिग्दर्शकाच्या नावाआड गेलेली कामे शोधून काढली पाहिजेत. उपलब्ध तपशील तोच असतो, पण तो वेगळ्या क्रमाने मांडला की वेगळा अर्थ देऊ लागतो.

काही आक्षेपांचा विचार :

या मांडणीवर एक आक्षेप घेतला जाऊ शकतो. कलाकृतीचे मूल्यमापन तिच्या अंतिम रूपावरून व्हावे. ती कशी घडली हा तपशील कलाबाह्य होय. कलाकृतीच्या स्वायत्ततेची ही भूमिका मराठी समीक्षेला परिचित आहे आणि तिच्यात तथ्य आहे. जुळे भाऊ वापरले म्हणून दृश्य श्रेष्ठ ठरत नाही आणि संगणक वापरला म्हणून कनिष्ठ ठरत नाही.

तथापि 'टर्मिनेटर २'च्या बाबतीत हा आक्षेप पूर्णपणे लागू पडत नाही. टी-१००० ज्याची नक्कल करते त्याला सामान्यतः ठार मारते. प्रत तयार झाली की मूळ व्यक्तीची गरज उरत नाही, हा त्या यंत्राचा नियम आहे. जॉनची पालक माता आणि रुग्णालयातील पहारेकरी या नियमाचे बळी ठरतात. निर्मितीत मात्र नेमके उलटे घडले. प्रत दाखविण्यासाठी मूळ व्यक्तीचे चालणे, चेहरा आणि कधी कधी तिचे सख्खे भावंड हजर असावे लागले. कथेत टी-१००० च्या तावडीत सापडून, आपली नक्कल झालेली पाहूनही जिवंत राहणारी व्यक्ती एकच आहे, ती म्हणजे सारा. ती आपल्या प्रतीच्या मागे उभी राहते, हा चित्रपटाच्या आशयाचा कळसबिंदू आहे. तो क्षण दोन जिवंत स्त्रियांनी साकारला, हे समजल्यावर त्याचा अर्थ कमी होत नाही. उलट तो अधिक ठाशीव होतो. आशय आणि निर्मिती येथे एकमेकांना उजळतात, म्हणून निर्मितीचा तपशील येथे कलाबाह्य राहत नाही.

दुसरा आक्षेप असा की, हस्तकौशल्याच्या गौरवात चित्रपटाचे दोष झाकले जातील. हे टाळणे आवश्यक आहे. शस्त्रास्त्रांच्या विनाशकारी शक्तीविषयी सावध करणारा हा चित्रपट शस्त्रांचे दर्शन मात्र अत्यंत आकर्षक करून घडवितो. रक्षक यंत्रमानवाला माणूस मारू नको असे सांगितल्यावर तो पायांवर गोळ्या झाडतो आणि प्रेक्षक हसतो. हा विनोद विचार करायला लावणारा नाही, विचार थोपविणारा आहे. शेवटाची भावव्याकुळताही काहीशी ओढूनताणून आणलेली वाटते. पडद्यामागील कारागिरी कितीही असामान्य असली तरी तिने या दोषांचे समर्थन होत नाही.

आजच्या संदर्भात :

या मालिकेतील 'टर्मिनेटर जेनिसिस' (२०१५) या चित्रपटात १९८४ मधील तरुण श्वार्झनेगर संगणकावर पुन्हा घडविण्यात आला. तेव्हाही दुसऱ्या एका शरीरसौष्ठवपटूला प्रत्यक्ष उभे करावे लागले आणि त्याच्या देहावर जुना चेहरा चढविण्यात आला. चोवीस वर्षांत तंत्र कितीतरी पुढे गेले, पण प्रतीखाली एक माणूस उभा असण्याची गरज संपली नव्हती. मात्र त्या माणसाची ओळख पुसण्याची क्षमता पूर्ण झाली होती.

२०२३ साली अमेरिकेतील पटकथालेखक आणि अभिनेते यांच्या संघटनांनी दीर्घ संप केले, त्यांतील एक कळीचा मुद्दा कृत्रिम बुद्धिमत्तेचा होता. अभिनेत्याच्या शरीराची आणि चेहऱ्याची अंकीय प्रत त्याच्या संमतीविना व मोबदल्याविना वापरली जाऊ नये, ही अभिनेत्यांची मागणी होती आणि नोव्हेंबर २०२३ मधील समझोत्यात संमती व मोबदला यांविषयीच्या तरतुदी समाविष्ट झाल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतः कॅमेरॉन हे प्रतिमा निर्माण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील 'स्टॅबिलिटी एआय' या कंपनीच्या संचालक मंडळात दाखल झाले. यावरून त्यांच्यावर विसंगतीचा आरोप करणे सोपे आहे. परंतु ते पुरेसे नाही. १९९१ साली त्यांनी नवे तंत्र स्वीकारले, तेव्हा त्याभोवती अनेक जुन्या कौशल्यांना जागा होती. पुढील काळात ती जागा राहील काय, हा प्रश्न एका दिग्दर्शकाच्या निवडीपुरता मर्यादित नाही.

निष्कर्ष :

१) 'टर्मिनेटर २'मधील द्रवरूप धातूचा परिणाम केवळ संगणकाने साधलेला नाही. सुमारे पाच मिनिटांच्या संगणकीय प्रतिमा, बाहुल्या, लघुप्रतिकृती, जुळी भावंडे, ध्वनी आणि अभिनय यांच्या संयोगातून तो सिद्ध झाला आहे.

२) संगणकाने या चित्रपटात निर्मितीइतकेच पुसण्याचेही कार्य केले. तारा पुसणे हे त्याचे प्रातिनिधिक उदाहरण होय. त्यातून सुरक्षितता वाढली आणि त्याच वेळी श्रमाची दृश्यता घटली.

३) प्रत मूळ व्यक्तीला नाहीसे करते, हे या चित्रपटाच्या कथेतील भय आहे. त्याची निर्मितिप्रक्रिया मात्र मूळ व्यक्तीवाचून प्रत उभी राहू शकत नाही, असे दर्शविते. हा अंतर्विरोध चित्रपटाच्या आशयाला अधिक अर्थपूर्ण करतो.

४) यंत्राच्या भीतीचे चित्रण करताना हा चित्रपट अर्थकारणातून विस्थापित झालेल्या कामगाराकडे पाहत नाही. फोंटाना येथील बंद कारखान्याचा केवळ पार्श्वभूमी म्हणून झालेला वापर ही मर्यादा अधोरेखित करतो.

५) निर्मितीकथा या प्रसिद्धीच्या हेतूने रचलेल्या असल्या तरी चिकित्सकपणे वाचल्यास त्या समीक्षेचे महत्त्वाचे साधन ठरतात. विज्ञानपटाच्या समीक्षकाने 'संगणकाची करामत' या शब्दांवर न थांबता, प्रत्येक दृश्यामागे कोणाचे काम आहे हे विचारले पाहिजे. चित्रपटाच्या अखेरीस झरझर सरकणाऱ्या नामावलीत त्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर लिहिलेले असते; ती नामावली वाचणे हाही समीक्षेचाच भाग मानला जावा.